‘ण’ नसलेली भाषा

ऑगस्ट २०२२ मध्ये जेरुसलेमला हिब्रूच्या पहिल्या वर्गात बसले, तेव्हा शिक्षिकेने फळ्यावर पहिला शब्द लिहिला तो ‘आनी’. हिब्रूत ‘आनी’ म्हणजे ‘मी’. प्रत्येकाने ‘आनी’ म्हणायचं आणि पुढे आपलं नाव सांगायचं. जर्मनीचा मुलगा बोलला, ब्राझीलची मुलगी बोलली, मग माझी पाळी आली. मी ‘आनी’ म्हणाले आणि मला हसू फुटलं. शिक्षिकेला वाटलं मी लाजले. तिला काय सांगणार?

मी अकोला जिल्ह्यातली. आमच्या घरात ‘पानी’ म्हणतात, ‘कोनी’ म्हणतात आणि ‘आनि’ म्हणतात. समाजशास्त्रात एम.ए. करायला पुण्याला गेले, तेव्हा पहिल्याच सेमिनारमध्ये मी ‘आनि’ म्हणाले आणि मागच्या बाकावरून कुणीतरी तो शब्द हळूच परत म्हणून दाखवला. वर्ग हसला. शिकवणारेही हसले, वाईट हेतूने नाही, सवयीने. त्यानंतर दोन वर्षं मी हा शब्द टाळून बोलले. ‘व’ वापरायचे, ‘तसंच’ वापरायचे, वाक्य मध्येच तोडायचे. प्रत्येक ‘ण’च्या आधी थबकावं लागणारा माणूस वादात मागेच राहतो. मुद्दा सुचलेला असतो, तोंडापर्यंत आलेला असतो, पण उच्चार तपासून घेईपर्यंत दुसरा बोलून मोकळा होतो. वर्गाच्या लेखी आपण ‘शांत विद्यार्थी’ ठरतो.

हिब्रूत ‘ण’ नाही. ‘ळ’ही नाही. बावीस अक्षरं, त्यांत ‘न’ एकच, त्याचं नाव ‘नून’. पुण्यात जो उच्चार माझी जात सांगत होता, तो इथे साधं सर्वनाम होता.

त्या एका वर्षाबद्दल लिहिते आहे, कारण इथे वाचणारे तुम्ही बरेचसे माझ्यासारखेच घरातले पहिले पदवीधर आहात, आणि आपल्या सगळ्यांच्या मनात भाषेची एक भीती बसलेली असते. इंग्रजीची असते, ‘प्रमाण’ मराठीची असते, मुलाखतीच्या खोलीतली असते. ती आपल्या कमतरतेतून येते असं आपल्याला शिकवलं गेलंय. ते तसं नाही, हे मला परक्या भाषेत जास्त स्पष्ट दिसलं.

हिब्रू शिकवणाऱ्या वर्गाला उल्पान म्हणतात. शब्द मूळचा अरामी, अर्थ शिकवण. पहिला उल्पान जेरुसलेममध्येच १९४९ साली सुरू झाला, जगभरातून येणाऱ्या ज्यूंना लवकर कामापुरती भाषा यावी म्हणून. पायऱ्यांची नावं अक्षरांवरून: आलेफ, बेत, गिमेल, दालेत. सकाळपासून दुपारपर्यंत वर्ग, आणि वर्गात हिब्रूशिवाय दुसरी भाषा नाही. लिहिताना स्वर बहुतेक वेळा लिहीतच नाहीत, नुसती व्यंजनं. वाचणाऱ्याने स्वर आपल्या डोक्यातून भरायचे. पहिले दोन आठवडे दुकानाच्या पाट्या वाचतानाही मला पहिलीतल्या पोरीसारखं बोट लावून वाचावं लागे.

पण एक गंमत झाली. हिब्रूत क्रियापद बोलणाऱ्याच्या लिंगाप्रमाणे बदलतं. बाई म्हणते ‘आनी लोमेदेत’, पुरुष म्हणतो ‘आनी लोमेद’. इंग्रजीतून आलेल्या मुलांची इथे तारांबळ उडाली. मला काहीच वाटलं नाही. मी शिकते, मी शिकतो. आम्ही तर जन्मापासून असंच बोलतो. बहुतेक शब्द तीन व्यंजनांच्या मुळातून फुटतात हेही लवकर लक्षात आलं. ‘कातव’ म्हणजे लिहिलं, ‘मिख्ताव’ म्हणजे पत्र, ‘कतोवेत’ म्हणजे पत्ता. मराठीत अरबीतून आलेला ‘किताब’ याच घराण्यातला. वहीत ते जोडून लिहिताना माझी मराठी मला पहिल्यांदाच ओझं न वाटता भांडवल वाटली.

वर्गात दिल्लीहून आलेला एक भारतीय मुलगा होता. घरात तीन पिढ्या प्राध्यापक. इंग्रजी अस्खलित, थोडी फ्रेंच, संस्कृत शाळेपासून. भारतात आम्ही दोघं एका वर्गात असतो तर पहिल्या दिवसापासून तो पुढे आणि मी मागे, आणि त्या अंतराला सगळ्यांनी ‘गुणवत्ता’ म्हटलं असतं. इथे त्याच्या आजोबांच्या पुस्तकांची कपाटं कामाला येत नव्हती. तोही आलेफ गिरवत होता, मीही. पहिल्या चाचणीत माझे गुण त्याच्यापेक्षा जास्त होते. तो आळशी किंवा मठ्ठ होता असं अजिबात नाही, चांगला मित्र झाला तो पुढे. इतकंच की आयुष्यात पहिल्यांदा आमची धाव एकाच रेषेपासून सुरू झाली होती. सारखी रेषा मिळाल्यावर पोरगी कुठवर जाते, हे बघायची संधी आपल्याकडे किती जणींना मिळते?

रात्री मायला फोन करायचे. उन्हाळ्यात आपलं घड्याळ तिथल्यापेक्षा अडीच तास पुढे, हिवाळ्यात साडेतीन. माय अंगणवाडीत मदतनीस आहे, लवकर झोपते, म्हणून जेवण करायच्या आधीच फोन लावावा लागे. ती विचारायची, “आज काय शिकली?” मी म्हणायचे, “तेच, भाषा.” ती म्हणायची, “अजून एक?” तिच्या त्या ‘अजून एक’मध्ये कौतुक होतं आणि काळजीही. मराठी शिकलीस, हिंदी शिकलीस, इंग्रजीसाठी रडलीस, आता अजून एक.

हिब्रूत आदरार्थी ‘तुम्ही’ नाही. पुरुषाला ‘अता’, बाईला ‘आत’, मग समोर प्राध्यापक असो की भाजीवाला. माझ्या मार्गदर्शक बाईंना सगळे विद्यार्थी पहिल्या नावाने हाक मारत. मला ते दीड महिना जमलं नाही. ईमेलच्या सुरुवातीला मी नावच लिहायचे नाही, थेट मजकूर. एकदा बाईंनी हसत विचारलं, “तुला माझं नाव आवडत नाही का?”

माझ्या आजोबांना गावातली दहा वर्षांची पोरं अरे-तुरे करत, नावाची शेपटी तोडून हाक मारत. आजोबा त्या पोरांना ‘मालक’ म्हणत. आमच्याकडे सर्वनाम हे व्याकरणाआधी जातीच्या ताब्यात असतं. म्हणून सगळ्यांसाठी एकच ‘तू’ ऐकताना मला सुरुवातीला फार बरं वाटायचं. मग हळूहळू दुसऱ्या गोष्टी दिसू लागल्या. आमच्या मजल्यावर सफाई करणाऱ्या बाईलाही सगळे ‘आत’ म्हणत, पहिल्या नावाने हाक मारत, ‘बोकेर तोव’ म्हणजे सुप्रभात म्हणत. पण तिच्या कामाला येणाऱ्या बायका कुठल्या वस्तीतून येतात आणि आमचे प्राध्यापक कुठल्या वस्तीत राहतात, हे त्या सर्वनामाने बदललं नव्हतं. भाषेतला ‘तू’ एक झाला म्हणून पगार, घर आणि लग्न एक होत नाही. भाषेतला आदर हवाच, पण तेवढ्यावर फसू नये.

स्वयंपाकघरातही असंच. वसतिगृहाच्या आमच्या मजल्यावर भांडी घासायला दोन बेसिन होते, एक दुधाच्या भांड्यांसाठी, एक मांसाच्या. कोशेर नियमाप्रमाणे दोन्ही मिसळायचं नाही. पहिल्या दिवशी ते दोन बेसिन बघून माझ्या पोटात गोळा आला. गावातल्या हॉटेलाबाहेर आमच्यासाठी वेगळा ठेवलेला कप मी पाहिलेला नाही, पण बाबांनी पाहिला आहे आणि ती गोष्ट मी शंभरदा ऐकली आहे. नंतर समजलं, इथला विटाळ पदार्थांचा आहे, माणसांचा नाही. पण हेही पूर्ण खरं निघालं नाही. एका शुक्रवारी एका धार्मिक मैत्रिणीच्या घरी जेवायला गेले. मी सहज वाइनची बाटली उचलून ओतायला लागले, तर तिने हळूच माझ्या हातातून ती घेतली. ज्यू नसलेल्याने हाताळलेली वाइन काटेकोर धार्मिक ज्यू पीत नाहीत, जुना नियम आहे, उकळलेल्या वाइनला तो लागत नाही. तिने प्रेमाने समजावलं. मीही समजून घेतलं. तरी माझा हात बराच वेळ टेबलाखाली होता.

या सगळ्यापेक्षा जास्त शिकवलं ते दोन अक्षरांनी: ‘खेत’ आणि ‘आयिन’.

ही दोन्ही अक्षरं मुळात घशाच्या खोलातून उच्चारायची आहेत. अरबीत आजही तशीच उच्चारतात. येमेन, इराक, मोरोक्को अशा देशांतून आलेल्या, म्हणजे मिझ्राही ज्यूंच्या जुन्या पिढीचा उच्चारही तसाच होता. युरोपातून आलेल्या अश्केनाझी ज्यूंना ते आवाज काढता येत नव्हते. त्यांनी ‘आयिन’ गिळून टाकला आणि ‘खेत’ दुसऱ्या एका अक्षरासारखा उच्चारायला सुरुवात केली. भाषेचे इतिहासकार सांगतात की घशातला उच्चारच जुना. सरकारी रेडिओवरच्या बातमीदारांना कितीतरी वर्षं मुद्दाम तो शिकवला जाई, शुद्ध म्हणून. मग रस्त्यावर प्रतिष्ठित कोणता ठरला? युरोपवाल्यांचा. घशातून ‘खेत’ काढणारा माणूस विनोदी मालिकेतलं पात्र झाला, बाजारातला, अडाणी, तापट. त्याची मुलं-नातवंडं शाळेत जाऊन तो उच्चार विसरली.

हे ऐकलं त्या दिवशी मी वहीत मोठ्या अक्षरांत लिहून ठेवलं: शुद्ध बोलणारे हरले.

आपल्याला नेहमी सांगितलं जातं की ‘ण’ला ‘ण’ म्हणणं हे व्याकरण आहे, त्यात जात कुठे आली? जेरुसलेममध्ये व्याकरण गरिबांच्या बाजूने होतं. परंपरा त्यांच्या बाजूने होती. रेडिओसुद्धा त्यांच्या बाजूने होता. तरी लाज त्यांच्याच वाट्याला आली. म्हणजे उच्चाराची प्रतिष्ठा शुद्धतेवर ठरत नाही, बोलणारा कोण आहे यावर ठरते. ज्यांच्या हातात विद्यापीठं, सैन्य, वर्तमानपत्रं आणि नोकऱ्या असतात, त्यांचं बोलणं प्रमाण होतं. उद्या सदाशिव पेठेत ‘पानी’ म्हणत असते आणि आमच्या वस्तीत ‘पाणी’, तर पुस्तकांत ‘पानी’ छापलं असतं आणि ‘पाणी’ म्हणणाऱ्या पोरीला वर्ग हसला असता.

माझ्या शेजारी पूर्व जेरुसलेमची एक पॅलेस्टिनी मुलगी बसायची. तिची मातृभाषा अरबी, त्यामुळे ‘खेत’ आणि ‘आयिन’ वर्गात सगळ्यात सुंदर तिचेच. शिक्षिका कौतुक करायची. वर्ग सुटल्यावर आम्ही दोघी ट्रामने शहरात जायचो. ट्राममध्ये थांब्यांची घोषणा हिब्रू, अरबी आणि इंग्रजीत होते. एकदा तिने एका म्हाताऱ्या बाईला बसायला जागा दिली आणि हिब्रूत दोन वाक्यं बोलली. माझ्या लक्षात आलं, तिचा ‘आयिन’ गायब होता. वर्गात ज्याबद्दल शाबासकी मिळते तो उच्चार तिने ट्राममध्ये गिळला होता. मी विचारलं. ती म्हणाली, “इथे लोक मान वळवून बघतात.”

मला पुण्यातली दोन वर्षं आठवली. तिला मी ‘आनि’ची गोष्ट सांगितली. ती खूप हसली, मग गप्प झाली. म्हणाली, “पण तू हिब्रू हौसेने शिकतेस. मला शिकावीच लागते.” दवाखान्याचा फॉर्म, नोकरीची मुलाखत, विद्यापीठातला प्रवेश, सगळं हिब्रूत. २०१८ च्या राष्ट्र-राज्य कायद्याने अरबीचा अधिकृत भाषेचा दर्जाही काढून तिला ‘विशेष दर्जा’ दिला. मला मोकळं करणारी भाषा माझ्या शेजारणीच्या मानेवर होती. हे दोन्ही एकाच बाकावर खरं होतं, आणि त्यातलं एक खोडून दुसरं लिहिणं मला आजही जमत नाही.

माझा संशोधनाचा विषय बेने इस्राएल समाज, म्हणजे कोकणातले मराठी बोलणारे ज्यू. अलिबागजवळच्या नौगावच्या किनाऱ्यावर पूर्वजांचं जहाज फुटलं अशी त्यांची कथा. ते तेलाचे घाणे चालवत आणि शनिवारी काम करत नसत, म्हणून लोक त्यांना ‘शनिवार तेली’ म्हणत. धर्म ज्यू, पण कोकणाने त्यांना एका जातीची जागा दिली. त्यांनीही जातीचा धडा गिरवला. त्यांच्यात ‘गोरे’ आणि ‘काळे’ असे दोन गट पडले, आणि गोरे काळ्यांशी रोटी-बेटी व्यवहार करत नसत. जात हा हिंदूंपुरता आजार नाही, या भूमीवर जो राहिला त्याला तो लागला, हे बाबासाहेबांना मानणाऱ्यांना नव्याने सांगायला नको. या समाजासाठी मराठीतून हिब्रू व्याकरण १८३२ मध्येच छापलं गेलं, जॉन विल्सन या मिशनऱ्याने केलेलं. म्हणजे मराठीतून हिब्रू शिकणारी मी पहिली नव्हे, एकशे नव्वद वर्षं उशिराच पोचले.

१९४८ नंतर यातले बहुतेक लोक इस्राएलला गेले. तिथे त्यांच्या वाट्याला काय आलं? १९६२ मध्ये तिथल्या मुख्य रब्बी मंडळाने सूचना काढली की बेने इस्राएल व्यक्तीचं दुसऱ्या ज्यूंशी लग्न लावण्याआधी तिच्या आईकडच्या पिढ्या तपासाव्यात. दोन हजार वर्षं ज्यू म्हणून राहिलेल्यांना ‘तुम्ही खरे ज्यू का?’ असं विचारलं गेलं. त्यांनी मोर्चे काढले, १९६४ च्या उन्हाळ्यात जेरुसलेममध्ये ठिय्या दिला. ऑगस्टमध्ये पंतप्रधान लेवी एश्कोल यांच्या सरकारला आणि संसदेला त्यांच्या बाजूने उभं राहावं लागलं आणि ती सूचना बदलली गेली.

रामला गावात मी एका आजींना भेटले. वय ऐंशीच्या पुढे. दारावर हिब्रूत आडनाव, शेवटी ‘कर’. हिब्रूत ‘कर’ म्हणजे थंड, त्यामुळे शेजारची पोरं लहानपणी मुलांना चिडवायची, असं त्यांनीच सांगितलं. दार उघडून म्हणाल्या, “ये गो, बस. पानी आन तिला.” आत सून होती, तिला मराठी येत नव्हतं, म्हणून हे वाक्य सवयीनेच निघालं असावं. मी ‘पानी’ ऐकलं आणि घरी आल्यासारखं वाटलं.

मग त्यांनी विचारलं, “गाव कुठलं तुझं? आडनाव काय?” परदेशातही हा प्रश्न येतोच, मराठीत आला की टोचतो. मी आडनाव सांगितलं. त्या क्षणभर थांबल्या. म्हणाल्या, “म्हणजे जयभीमवाले.” मी हो म्हणाले. त्यांनी चहाचा कप माझ्याकडे सरकवला आणि म्हणाल्या, “आमच्या गावात तुमचे लोक वेशीबाहेर होते. आमी आत होतो, पर तेली म्हनून. इथं आलो तर आमीच वेशीबाहेर.” पुढे बराच वेळ १९६४ बद्दल बोलल्या. ठिय्याला त्या धाकट्या भावाला घेऊन गेल्या होत्या. निघताना मी विचारलं, काळ्या इस्राएलांशी तुमच्या घरात सोयरीक होती का? त्या हसल्या आणि म्हणाल्या, “तेवा नव्हती. आता नातवाने मोरोक्कोवाली केली, आता काय बोलायचं?” अन्याय सोसलेला माणूस आपोआप न्यायी होत नाही. पण त्याला विचारता येतं, आणि तो उत्तर देतो.

जुन्या शहराच्या दमास्कस दरवाजापासून थोडं चालत गेलं की मुसरारा नावाची वस्ती लागते. १९७१ मध्ये इथल्या मोरोक्कोहून आलेल्या कुटुंबांतल्या पोरांनी ‘ब्लॅक पँथर्स’ नावाची संघटना काढली. अमेरिकेतल्या ब्लॅक पँथरवरून नाव घेतलं. घरं नाहीत, शाळा नाहीत, नोकऱ्या नाहीत, म्हणून ते रस्त्यावर उतरले. पंतप्रधान गोल्डा मेयर त्यांना भेटल्या आणि नंतर म्हणाल्या की ही काही चांगली मुलं नाहीत. आज मुसराऱ्यातल्या एका गल्लीला तेच नाव आहे. पुढच्याच वर्षी, १९७२ मध्ये, मुंबईत दलित पँथर उभी राहिली, त्याच अमेरिकन पँथरचं नाव घेऊन. त्या गल्लीच्या पाटीखाली उभी राहून मी पाटी स्वतः वाचली, बोट न लावता, आणि फोटो आमच्या गावच्या ग्रुपवर टाकला. आमच्या एका काकांनी उत्तर दिलं, “आमालाही तेच म्हनत.”

तिथले अभ्यासक या विषमतेबद्दल बोलताना ‘एदा’ हा शब्द वापरतात, म्हणजे समुदाय. भारताबद्दल बोलताना मात्र ‘कास्टा’. दुसऱ्याच्या घरातली उतरंड ती जात, आपल्या घरातली ती संस्कृती. ही खोड सगळीकडची आहे.

आता तो प्रश्न, जो मला आंबेडकरी मित्रांनी जाण्याआधीही विचारला आणि आल्यावर जास्त विचारला: तू तिथे गेलीसच का? माउंट स्कोपसच्या एका बाजूला उभं राहिलं की खाली इसाविया दिसतं आणि पलीकडे भिंत. मला ते रोज दिसत होतं. मी संशोधनासाठी गेले, कारण माझ्या विषयाची माणसं तिथे आहेत. जुलै २०२३ मध्ये परत आले. ऑक्टोबरमध्ये हमासचा हल्ला झाला, मग गाझावरचं युद्ध. आमच्या उल्पानच्या ग्रुपवर एका आठवड्यात सगळे गप्प झाले. त्या पॅलेस्टिनी मैत्रिणीने ग्रुप सोडला. मी तिला निरोप पाठवला, हिब्रूत नाही, मोडक्या अरबीत, मोबाइलवर बघून. तिने उत्तरात एक शब्द लिहिला, धन्यवाद. २०२४ च्या सुरुवातीला हरियाणा आणि उत्तर प्रदेशातून इस्राएलला बांधकाम मजूर पाठवण्यासाठी भरती झाली. पॅलेस्टिनी मजुरांचे परवाने बंद झाल्यावर मोकळ्या झालेल्या जागा होत्या त्या. रांगेतल्या पोरांचे फोटो बघताना मला वाटलं, यांना कुणी उल्पान देणार नाही. ते भाषा कामावरच शिकतील, ओरडा खात. तिथे म्हाताऱ्यांची शुश्रूषा करणाऱ्या भारतीय बायका मी पाहिल्या होत्या, त्या माझ्यापेक्षा भराभर हिब्रू बोलायच्या. त्यांच्या भाषेला प्रमाणपत्र नाही, माझ्या भाषेला आहे. फरक तेवढाच.

मग आपण काय करायचं?

बाबासाहेबांना शाळेत संस्कृत नाकारलं गेलं, ते फारसी शिकले. पुढे संस्कृत स्वतःच्या बळावर शिकले, जर्मन शिकले, पालीचा शब्दकोश करायला घेतला. हे आपण जयंतीला अभिमानाने सांगतो. पण आपल्या पोरांना आपण काय सांगतो? इंग्रजी तेवढी कर, बाकी वेळ वाया घालवू नकोस. मला हा सल्ला अपुरा वाटतो. गावच्या वतनाचे कागद मोडीत आहेत. बुद्धाचं वचन पालीत आहे. दख्खनचे दफ्तर फारसीत आहेत. हे वाचायला दुसऱ्याकडे जावं लागतं, तोपर्यंत आपला इतिहास आपल्याला दुसऱ्याच्या उच्चारातच ऐकावा लागणार. घरातल्या पहिल्या पदवीधराने एक तरी जास्तीची भाषा शिकावी, आणि ती अशी निवडावी की जिच्यात आपल्याबद्दल काहीतरी लिहून ठेवलेलं आहे.

ही नुसती वैयक्तिक हिमतीची गोष्ट नाही. २०२२ मध्ये अनुसूचित जातींसाठीच्या राष्ट्रीय परदेश शिष्यवृत्तीच्या नियमांत बदल झाला आणि भारतीय संस्कृती, वारसा, इतिहास तसंच भारतावर आधारित सामाजिक अभ्यास हे विषय वगळले गेले. या योजनेच्या १२५ जागांपैकी ११५ अनुसूचित जातींच्या आहेत. मी त्या वाटेने गेले नाही, माझी शिष्यवृत्ती तिथल्या विद्यापीठाची होती, त्यामुळे हे माझं रडगाणं नाही. पण अर्थ नीट बघा. परदेशी संशोधक मराठी शिकून आपल्या वस्तीत येऊ शकतो आणि जातीवर प्रबंध लिहू शकतो, त्याचं स्वागतच आहे. आपली पोरगी मात्र सरकारी मदतीने बाहेर जाऊन तोच विषय घेऊ शकत नाही. हा नियम बदलावा अशी मागणी आपण प्रत्येक मंचावर लावून धरली पाहिजे. त्याबरोबर दुसरी मागणी: विद्यापीठांत जशी इंग्रजीची ‘उपचारात्मक’ शिकवणी असते, तसे पाली, फारसी, मोडी आणि परदेशी भाषांचे आलेफपासूनचे वर्ग असावेत, जिथे सगळे एका रेषेवरून सुरू करतील. आणि तिसरी, जिला पैसे लागत नाहीत: तोंडी परीक्षेत, मुलाखतीत उच्चाराला गुण देणं बंद करा.

यावर कुणी म्हणेल, प्रमाण भाषा नको का मग? हवी. लिहायला एक ठरावीक रूप लागतं, हा लेखही मी त्यातच लिहिला आहे. ते साधन म्हणून शिकवा, मी शिकते. ते माझ्या अकलेचं माप म्हणून वापरू नका.

मागच्या महिन्यात एका चर्चासत्रात मी माझ्या प्रबंधातलं एक प्रकरण मांडलं. बोलण्याच्या ओघात ‘आनि’ म्हणाले. माझ्या लक्षात आलं, सवयीने जीभ क्षणभर अडखळली. मागे कुणी हसलं का, ते मी वळून पाहिलं नाही. वाक्य पूर्ण केलं, मुद्दा पूर्ण केला, आणि प्रश्नांची वाट बघत उभी राहिले.

जय भीम.